नऊने भागून बघा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला 'फाईल' आणि 'करप्ट' हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून दचकायला होत नाही. फाईलपायी माणूस करप्ट होतो, हे आपण सगळेच वर्तमानपत्रात वाचतो. पण कुणाचा हात न लागता फाईल स्वतःच करप्ट होते, हा शोध संगणकाच्या युगातला. बरं, करप्ट माणसाची चौकशी होते, बदली होते आणि योग असला तर पुढे बढतीही होते. करप्ट फाईलच्या नशिबी यातलं काही नाही. ती नुसती उघडत नाही. मात्र एका बाबतीत ती माणसापेक्षा सरळ. आपण भ्रष्ट आहोत, असं ती पडद्यावर स्वच्छ अक्षरांत लिहून देते. असा कबुलीजबाब आजवर कुठल्याही चौकशी समितीला मिळालेला नाही.

माझी आणि अशा फाईलची गाठ पडली ती भाच्यामुळे. आमचे भाचे संगीतकार आहेत. म्हणजे तसे ते बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि कॉलेजसाठी डोंबिवलीला आमच्याकडे राहतात. पण 'तू काय करतोस?' असं विचारलं की उत्तर संगीतकार असंच येतं. त्यांच्या खोलीत एकही वाद्य नाही. आमच्या लहानपणी गाणाऱ्याच्या घरात निदान तंबोऱ्याची खोळ तरी दिसायची. यांच्याकडे एक लॅपटॉप, एक हेडफोन आणि धुवायला टाकलेले कपडे.

"मामा, हे डॉ आहे," भाच्याने पहिल्या दिवशी सांगितलं.

"कसले डॉक्टर?"

"डॉक्टर नाही हो. डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन. डी-ए-डब्ल्यू. डॉ!"

या डॉचं नाव एबलटन लाइव्ह. २००१ साली बाजारात आलेला प्रोग्राम. त्यात ढोल, बासरी, व्हायोलिनं, झालंच तर अख्खा वाद्यवृंद बसलेला असतो आणि त्यातला एकही जण चहा मागत नाही. भाच्याने मला सगळं नीट समजावून दिलं. गाण्यात दोन प्रकारचा माल असतो. एक मिडी. हा १९८३ सालापासूनचा वाद्यांचा आपसातला करार आहे. मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढीच नोंद. दुसरा प्रकार वेव्ह फाईलचा. त्यात खराखुरा ध्वनिमुद्रित आवाज. मी म्हटलं, "म्हणजे मिडी हे व्हाउचर आणि वेव्ह ही रोकड." भाचा माझ्याकडे आदराने पाहू लागला. असे प्रसंग मामांच्या आयुष्यात फार येत नाहीत.

आता मुद्द्याचं सांगतो. माझी आई २०२३ च्या जूनमध्ये गेली. कऱ्हाडकडच्या खेड्यातलं तिचं माहेर. जात्यावरच्या ओव्या तिला तिच्या आईकडून मिळालेल्या. महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या अशा लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी माणसं जमवून, गावोगाव फिरून गोळा केल्या, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण आमच्या आईच्या दारात कुणी टेपरेकॉर्डर घेऊन आलं नाही. आला तो नातू, मोबाईल घेऊन, २०२२ च्या दिवाळीत. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत जातं कुठून असणार? मिक्सर होता. आई पलंगावर मांडी घालून बसली आणि हवेतच हात फिरवायला लागली. हात फिरल्याशिवाय शब्द येत नाहीत, म्हणाली. अकरा मिनिटं गायली. मग "पुरे रे, पीठ झालं" म्हणून थांबली.

तिच्या वर्षश्राद्धाला ती ओवी घेऊन एक गाणं करायचं, असं भाच्याच्या मनात आलं. खाली तानपुऱ्यासारखं काहीतरी, मागे जात्याची घरघर, असा बेत. दीड महिना तो रात्री जागत होता. माझी बहीण नाशिकहून रोज फोनवर विचारायची, "अभ्यास करतोय ना?" सौ. सांगायची, "रात्री दोनपर्यंत दिवा असतो हो त्याच्या खोलीत!" दोन्ही वाक्यं खरी होती. फक्त एक दुसऱ्याचं उत्तर नव्हतं.

आणि मग २०२४ च्या मे महिन्यातल्या एका रात्री, भाच्याने 'सेव्ह' म्हणायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेलेली, त्यामुळे तो विजेच्या पाठोपाठ गेला. वीज वीस मिनिटांत परत आली. फाईल आली नाही.

फाईलचं नाव होतं 'आजी खरंच फायनल ३'. त्याआधीच्या 'आजी फायनल' आणि 'आजी फायनल नवीन' या फायली कुठे गेल्या, असं मी विचारलं. लॅपटॉपमध्ये जागा कमी पडत होती म्हणून काढून टाकल्या, असं कळलं. हा प्रोग्राम मोठा सालस आहे. दर वेळी सेव्ह करताना तो आधीची प्रत प्रोजेक्टच्याच 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात तारीख-वेळ घालून ठेवतो आणि अशा शेवटच्या दहा प्रती सांभाळतो. म्हणजे गाणं बिघडलं तर आधी तिथं पाहावं. शंभरातल्या नव्वद जणांचं काम तिथंच होईल. भाच्याने तो फोल्डरही कचरा समजून काढला होता. रिसायकल बिनही रिकामा केला होता. घरात स्वच्छतेबद्दल मामीचा एक शब्द न ऐकणाऱ्या या मुलाने आयुष्यात एकदाच झाडलोट केली, ती नेमकी इथे. आणि आताच्या एसएसडी डिस्कचा स्वभाव असा, की पुसलेल्या फायलींची जागा ती मागच्या मागे खरोखरच साफ करून टाकते. तिथून काही परत मिळण्याची आशा फारशी धरू नये.

"आजीचा मूळ आवाज?" मी विचारलं.

"डाउनलोड्समध्ये होता."

"आणि डाउनलोड्स?"

भाचा रडायलाच लागला. फोन त्याने मार्चमध्येच एक्स्चेंजला दिला होता.

इथे वाचकांना आमच्या जुन्या हेडक्लार्कची ओळख करून द्यायला हवी. मी २००४ साली बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती आणि ती संध्याकाळी जुळायची नाहीत. रडकुंडीला आलेल्या नव्या कारकुनाला हेडक्लार्क एकच विचारायचे, "फरक किती?" मग म्हणायचे, "नऊने भागून बघा." फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असते, चोपन्नचे पंचेचाळीस लिहिले की फरक नऊ. भाग गेला नाही तर, "दोनने भागा." भाग गेला की येणाऱ्या अर्ध्या रकमेची नोंद शोधायची, ती जमेऐवजी नावे पडलेली असण्याचा संभव असतो. तिसरं वाक्य असं होतं, "मूळ लेजरावर पेन चालवू नका, कागदावर उतरवून घ्या." आणि चौथं, "आधी रडणं थांबवा, शाई पसरते."

मी भाच्याला चौथं वाक्य पहिल्यांदा सांगितलं. मग तिसरं. भ्रष्ट फाईलची एक प्रत काढली, मूळ फाईल पेनड्राइव्हवर घालून माझ्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. डिजिटल वस्तूला कुलूप लावल्याचं पाहून भाच्याला प्रथमच हसू आलं.

आता त्या फाईलची रचना ऐका, कारण ती कळल्यावर मलाच गहिवरून आलं. एबलटनची एएलएस नावाची फाईल म्हणजे बाहेरून जीझिपची पिशवी आणि आत साधा लिहिलेला मजकूर. जीझिप ही १९९२ सालची मालाची घडी घालण्याची पद्धत; बिछाना वळकटीत बांधावा तशी. वळकटीच्या सुरुवातीला ओळखीची खूण असते आणि शेवटी आठ बाइटांची चिठ्ठी. त्यातल्या चार बाइटांत आतल्या मालाची तपासबेरीज आणि चारांत मालाची मूळ लांबी. उघडताना बेरीज पुन्हा मांडतात. ती चिठ्ठीशी जुळली नाही तर माल घ्यायचा नाही. आमच्या नोटांच्या बंडलावरच्या चिठ्ठीसारखंच! चिठ्ठी एवढंच सांगते की काहीतरी चुकलंय. कुठे चुकलंय, ते तुमचं तुम्ही शोधा. हेडक्लार्कसुद्धा तेवढंच सांगायचे.

वीज जाताना फाईल सेव्ह होत असली की दोन प्रकार होऊ शकतात. एकात फाईलचा आकार बरोबर दिसतो आणि आत नुसती शून्यं असतात. बँकेतल्या माणसाला वाटावं, काय ही श्रीमंती! पण आधी अंकच नाही. अशा फाईलला हात जोडावेत. दुसऱ्या प्रकारात फाईल मधेच तुटते. सुरुवातीपासून तुटल्या जागेपर्यंतचा माल शाबूत, पुढचं सगळं चिठ्ठीसकट गायब. आमची फाईल दुसऱ्या प्रकारातली निघाली. नशीब म्हणतात ते हेच. कपाळमोक्ष होणार होता, तिथे नुसता पाय मोडला.

नेहमीच्या पद्धतीने ती वळकटी सुटेना. मग भाच्याने सेव्हन-झिप नावाचा प्रोग्राम लावला. तो 'माल अर्धवट आहे' म्हणून कुरकुरला, पण जेवढा निघाला तेवढा त्याने काढून दिला. पडद्यावर मजकूर उमटला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

ती एक्सएमएल नावाची लिपी होती. तिचा नियम एकच. जे उघडलं ते बंद करायचं. ट्रॅकची खूण उघडली की कुठेतरी ट्रॅक बंद झाल्याची खूण हवी. आत क्लिप उघडली, तर ट्रॅकच्या आधी क्लिप बंद झाली पाहिजे. भाचा म्हणाला, "मामा, हे तुम्हाला कळायचं नाही." मी म्हटलं, "बाळ, प्रत्येक नावेला एक जमा, हे लुका पाचोली नावाच्या इटालियन माणसाने १४९४ साली छापून ठेवलंय. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असतं. तू त्या तासाला कुठे होतास ते मी विचारत नाही."

रात्री साडेअकराला आम्ही दोघं त्या मजकुराच्या ताळेबंदाला बसलो. सौ.ने दोनदा चहा दिला आणि एकदा सल्ला दिला ("झोपा"). मजकूर सहावा ट्रॅक संपवून सातव्याच्या मध्यावर एका शब्दात तुटला होता. सातवा ट्रॅक म्हणजे भाच्याने तीन आठवडे खपून केलेला कसलासा 'ड्रॉप'. तो ऐकताना आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा वर येऊन गेले होते. तो अर्धा ट्रॅक कापून टाकला. सहावा जिथे बंद झाला, तिथे मजकूर थांबवला.

पण नुसत्या उघड्या खुणा बंद करून भागत नाही, कारण ट्रॅक संपल्यावर पुढे मुख्य ट्रॅक, वेग, दृश्यांची यादी असा संसार असतो आणि तो सगळा तुटलेल्या भागात गेलेला. यावर तोड अशी. प्रोग्राममध्ये एक नवं, कोरं गाणं तयार करून सेव्ह करायचं, त्याची वळकटी सोडायची आणि त्याच्या कोऱ्या ट्रॅकच्या जागी आपले वाचलेले सहा ट्रॅक नेऊन बसवायचे. म्हणजे जुन्या खातेदारांना नव्या लेजरात ओढायचं. हे काम मी सहा महिने केलेलं आहे, शाखेत कोअर बँकिंग आलं तेव्हा.

पहिल्यांदा उघडलं, तर नकार. प्रत्येक ट्रॅकमध्ये क्लिपांसाठी जितके खण, तितकीच दृश्यं यादीत असावी लागतात; आमचे खण बारा आणि कोऱ्या गाण्यात दृश्यं आठ. चार वाढवली. पुन्हा नकार. या वेळी तक्रार वेगळी होती. फाईलमध्ये एका जागी 'पुढचा क्रमांक' लिहिलेला असतो आणि तो आतापर्यंत दिलेल्या सगळ्या क्रमांकांहून मोठा असावा लागतो. भाच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं. व्हाउचर रजिस्टर! शेवटचं व्हाउचर ४१२ असेल तर पुढचं ३५० कसं असेल? सगळ्यांत मोठा क्रमांक शोधून त्याच्यापुढचा आकडा टाकला. पुन्हा वळकटी बांधली, नाव बदललं आणि दोनदा टिचकी मारली.

पहाटे पावणेतीनला फाईल उघडली. सहाच्या सहा ट्रॅक रांगेत उभे. मी भाच्याला टाळी द्यायला हात वर केला, तर त्याचा चेहरा पडलेलाच. तिसऱ्या ट्रॅकवर 'आजी' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "आहे ना!"

"मामा, ते नाव आहे. आवाज वेगळ्या फाईलमध्ये असतो. इथे नुसता पत्ता लिहिलेला असतो."

म्हणजे चेक होता, खात्यात पैसे आहेत की नाहीत ते कळायचं होतं. हे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. गाण्याच्या फाईलमध्ये आवाज नसतो, तो कुठे ठेवलाय एवढंच असतं. बाहेरून आणलेले सगळे आवाज गोळा करून प्रोजेक्टच्याच फोल्डरात ठेवायची आज्ञाही या प्रोग्राममध्ये आहे. ती दिली नाही तर आवाज एका गावाला आणि गाणं दुसऱ्या गावाला राहतं, बदलीच्या नोकरीतल्या जोडप्यासारखं.

मी पुन्हा मजकुराकडे वळलो. गाणं ऐकायचं ते कानाने. पण पत्ता वाचायला कारकूनच लागतो. तिसऱ्या ट्रॅकचा पत्ता 'डाउनलोड्स' नव्हता. 'सॅम्पल्स', त्यात 'प्रोसेस्ड', त्यात 'कन्सॉलिडेट', असा होता. भाचा ताडकन उठला. दीड महिन्यापूर्वी त्याने आवाजाचे तुकडे जोडून एक केले होते आणि तसं केलं की प्रोग्राम जोडलेल्या आवाजाची नवी फाईल प्रोजेक्टच्याच पोटात करून ठेवतो. त्या खोलीतल्या खोलीत झाडलोट पोहोचली नव्हती. फाईल तिथे होती. अकरा मिनिटांतली चार मिनिटं.

ऐकलं. ओवी सुरू झाली ती मधूनच, गाण्यात हवी तिथून. भाचा म्हणाला, "थांबा, क्लिपची कड मी आत ओढलेली आहे. ओढल्याने आवाज पुसला जात नाही, नुसता झाकला जातो." त्याने कड डावीकडे सरकवली. आधी पंख्याचा आवाज. मग सौ.च्या बांगड्या. आणि मग आई, अगदी जवळून, "मोबाईल नीट धर रे, पडंल. आणि सुरू झालं की सांग मला."

सुरू झालेलंच होतं. कुणी तिला सांगितलं नाही.

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. सौ. दार लोटून आत आली होती, तीही तशीच उभी राहिली. चौथं वाक्य त्या वेळी मी कुणाला सांगितलं नाही. शाई नव्हतीच पसरायला.

अशा गोष्टी वाचवण्याचे मार्ग पूर्वीही होते. आमच्या पिढीने कॅसेटची गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळली आहे आणि तुटलेली चिकटपट्टीने जोडली आहे. स्टुडिओतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही फितींचा लेप दमट हवेने चिकट होतो. त्या फिती चोपन्न अंशांच्या आसपास कित्येक तास मंद भाजतात आणि मग लगेच नवी प्रत काढून घेतात. पापडाचंही याहून वेगळं शास्त्र नाही. आणि १९९८ साली अमेरिकेत 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा तयार होताना त्याच्या फायली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि बॅकअपही धड निघाला नाही, तेव्हा सिनेमा वाचला तो गेलिन सुसमन या बाईंमुळे. तान्ह्या बाळासाठी त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. बाळंतिणीला घरून काम करू द्यावं, यासाठी एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

तज्ज्ञांचा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या वस्तूंवर, एक दुसऱ्या गावी. सौ. म्हणाली, यात तज्ज्ञ कशाला हवेत? तिच्या लोणच्याची एक बरणी फडताळात, एक फ्रिजमध्ये आणि एक नाशिकला वन्संकडे, हे लग्नापासून चालू आहे. त्या चार मिनिटांचीही तशीच वाटणी झाली. लॅपटॉपवर एक, माझ्या कपाटात एक, नाशिकला ताईकडे एक. वर्षश्राद्धाला गाणं वाजलं, ते सहा ट्रॅकांचं. सातव्याविना ते बरं लागलं असं सगळ्यांचं मत पडलं. खालचे आजोबा तर प्रसादाला थांबले. ताई मात्र गाणं ऐकत नाही. ती फक्त मोबाईल नीट धरायला सांगितलेलं वाक्य ऐकते, रोज सकाळी, कुकर लावताना.

गेल्या महिन्यात आमचे हेडक्लार्क पेन्शनच्या कामाला शाखेत आले होते. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "फरक किती राहिला?"

"सात मिनिटं. अकराची चार उरली."

"सात. नऊने जात नाही." ते थोडा वेळ थांबले. "दोननेही जात नाही."

"नाही."

"मग सस्पेन्स खात्याला ठेवा," ते म्हणाले. "राईट-ऑफ करू नका."